त्याचे नाव विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी माझ्या मुलीची अठराव्या महिन्याची एचआयव्हीची रक्ततपासणी झाली आणि अहवाल निगेटिव्ह आला. ती सहा आठवड्यांची असताना तिच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर सुकवून प्रयोगशाळेत पाठवले होते, तेव्हापासून प्रत्येक अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध तिच्या शरीराने तयार केलेली द्रव्ये, बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे त्याआधी केलेली साधी चाचणी फसवी ठरू शकते, हे तुम्ही मला कागदावर आकृती काढून समजावले होते. म्हणूनच या शेवटच्या अहवालावर माझा सारा जीव लागला होता. तो पिशवीत घालून परळ स्थानकाचा जिना चढताना मी मनाशी ठरवले की आता हे पत्र लिहायचेच. तुमचे नाव मी लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. माझे लिहीत नाही, कारण आमच्या चाळीत ही गोष्ट अजून उघड बोलण्यासारखी नाही. तरी चार ओळी वाचल्यावर तुम्ही मला ओळखाल.

२०१८ साली मी पहिलटकरीण होते. नाव नोंदवताना करतात त्या तपासण्यांत एचआयव्हीचे निदान झाले, आणि त्याच आठवड्यात माझ्या यजमानांचेही. ज्या खासगी प्रसूतिगृहात मी जात होते तिथे माझ्या फाइलवर तांबड्या शाईने वर्तुळ काढले गेले, आणि पुढच्या खेपेला तुमची केस आम्हाला घेता येणार नाही, असे बाहेर बसलेल्या मुलीने सांगितले. डॉक्टर खोलीतून बाहेरसुद्धा आले नाहीत. त्याच वर्षी १० सप्टेंबरला एचआयव्ही बाधितांना उपचार नाकारण्यास मनाई करणारा कायदा देशभर लागू झाला, हे मला पुष्कळ नंतर समजले, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. दुसरे ठिकाण शोधून गोळ्या सुरू होईपर्यंत पाचवा महिना संपला. एकतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. त्याचे वजन १ किलो ३०० ग्रॅम होते आणि तो दोन दिवस जगला.

जिथे बाळंतपण झाले तिथल्या लोकांनी त्याला वाचवण्यात कसूर केली, असे मी म्हणणार नाही. पण असे का झाले, हे मी हात जोडून विचारले, तेव्हा 'तुमच्या आजारात असेच होते' एवढेच उत्तर मला मिळाले. 'आता पुन्हा या भानगडीत पडू नका,' असे एका वरिष्ठ बाईंनी वर ऐकवले. माझ्या मुलाच्या कागदपत्रांत वजन होते, वेळ होती, माझा आजार ठळक अक्षरांत होता, आणि बाळाच्या नावाच्या जागी माझेच नाव लिहून पुढे 'चे बाळ' असे जोडलेले होते.

२०२२ च्या जुलैत मी तुमच्याकडे आले, त्या दिवशी हिंदमाताला पाणी भरले होते आणि ओपीडी उठायच्या वेळी मी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या साडीत दाराशी उभी होते. तुम्हाला प्रयोगशाळेत जायचे होते, तसे तुमच्या सहायक बाईंनी दोनदा सांगितलेही, पण तुम्ही पुन्हा खुर्चीत बसलात आणि तुमच्या संशोधनाच्या अभ्यासाचा तक्ता पुढे ओढून मला प्रश्न विचारू लागलात. आधीची बाळंतपणे किती, किती आठवडे भरले होते, वजन किती होते, बाळ किती दिवस जगले. ही उत्तरे मी इतक्या ठिकाणी दिली होती की ती माझ्या तोंडून आपोआप येत होती. मग तुम्ही पेन खाली ठेवून विचारलेत, 'नाव काय ठेवले होते?'

डॉक्टर मॅडम, हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता. बारसे झालेच नव्हते, त्यामुळे नाव असेल असे घरच्यांनाही वाटले नव्हते. त्या दोन दिवसांत काचेच्या पेटीपाशी उभे राहून मी आणि यजमानांनी ते ठरवले होते, आणि पुढे चार वर्षे आम्ही दोघांनीही ते एकमेकांसमोर उच्चारले नव्हते. मी ते तुम्हाला सांगितले. तुम्ही ते एकदा हळूच म्हणून पाहिलेत. अभ्यासाच्या तक्त्यावर नावे लिहीत नाहीत, तिथे फक्त क्रमांक असतो, हे सांगून तुम्ही ते तुमच्या स्वतःच्या डायरीत पेन्सिलीने लिहून घेतलेत. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत, मागच्या वेळी रक्तदाब किती होता, पायांवर सूज कधी आली होती, हे विचारताना तुम्ही 'मागच्या वेळी' असे म्हणाला नाहीत. त्याचे नाव घेऊन 'त्याच्या वेळी' असे म्हणालात. माझे औषधपाणी तुम्ही उत्तम केलेत, त्याबद्दलही मी ऋणी आहे, पण मला घरी जाऊन यजमानांसमोर ते नाव पुन्हा घेता आले ते या एका प्रश्नामुळे.

त्याच दिवशी मी तुम्हालाही विचारले की असे का झाले. याचे पूर्ण उत्तर आज कोणाकडेच नाही आणि मी त्याच्याच मागे आहे, असे तुम्ही सरळ सांगितलेत. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ असते. १९९४ मध्ये झिडोवुडिन या एकाच औषधाने ते २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर आणता येते असे अमेरिका आणि फ्रान्समधील अभ्यासातून दिसले. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे मिळू लागली आणि १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचा उपचार सुरू झाला. हे सगळे सांगून तुम्ही म्हणालात की लागण टळली म्हणजे काम संपले असे फार जणांनी मानले, पण अशा आयांची बाळे वेळेआधी किंवा कमी वजनाची का जन्मतात, हा प्रश्न उरलाच आहे. गर्भ अर्धा बापाचा असतो, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने अर्धा परका. तरी तिची प्रतिकारशक्ती त्याला नऊ महिने सांभाळून घेते, आणि हा तोल राखणाऱ्या पेशींवरच हा विषाणू घाव घालतो. गोळ्यांनी तो दबला तरी अंगातील दाह पुरता विझत नाही. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात तर असे दिसले की बाळाला लागणीपासून अधिक चांगले वाचवणाऱ्या एकत्रित औषधांसोबत, एकट्या झिडोवुडिनच्या तुलनेत, वेळेआधीची आणि कमी वजनाची बाळंतपणेही अधिक होती. हे ऐकून मी घाबरले, तेव्हा २०२१ चा अभ्यास तुम्ही पुढे ठेवलात: डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असलेल्या एका नव्या मिश्रणात अशा गुंतागुंती कमी आढळल्या होत्या. क्षयाच्या प्रतिबंधाची आयसोनियाझिड गोळी गरोदरपणात द्यावी की बाळंतपणानंतर, हे पाहणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात आठ देशांतल्या ९५६ बाधित स्त्रिया होत्या आणि त्यांत आपल्या पुण्याच्याही होत्या, हे कळल्यावर मला त्या अनोळखी बायकांविषयी फार जवळीक वाटली. त्यांनी स्वतःच्या पोटातल्या जिवासह अभ्यासात भाग घेतला म्हणून माझ्या डॉक्टरांना मला काही सांगता आले.

या दुसऱ्या गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात माझा सीडी-४ चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा ५१० वरून ४०० वर आला आणि मी रडतच तुमच्याकडे पोहोचले. तुम्ही म्हणालात, 'आमटीत पाणी वाढवले म्हणून डाळ कमी झाली का?' गरोदरपणात रक्तातले पाणी वाढते, त्यामुळे आकडा उतरतो, पण टक्केवारी जागच्या जागी आहे, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलेत. त्या रात्री मी चार घास नीट जेवले.

बाळंतपणाच्या आधी तुम्ही बाळामागून पडणारी वार अभ्यासासाठी देण्याबद्दल विचारलेत. तुम्ही ते मला विचारलेत आणि माझ्या सांगण्यावरून सासूबाईंनाही विचारलेत, कारण आमच्या गावी वार पुरून वर दगड ठेवतात आणि ते काम घरच्या थोरल्या बाईचे असते. कागदावर माझी सही पुरेशी होती, तरी तुम्ही त्यांच्यापुढे स्टूल ओढून बसलात आणि बाळाचे पोषण तिच्यातून होते, आईची आणि बाळाची प्रतिकारशक्ती तिथेच समोरासमोर येते, म्हणून दाहाच्या खुणा आम्ही तिथे शोधतो, असे त्यांना मराठीत, एकही अवघड शब्द न वापरता सांगितलेत. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'घ्या. पण काही निघाले तर आम्हाला सांगा.' तुम्ही मान डोलावलीत.

मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली, २ किलो ६०० ग्रॅमची.

ज्यांनी फाइलवर वर्तुळ काढले त्यांना मी माफ केले आहे, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्यांच्याकडे तुमच्याइतकी विद्या नव्हती, हे मी समजू शकते, पण नाव विचारायला विद्या लागत नाही. या शहरात चांगुलपणाने वागणारी माणसे मला पुढे पुष्कळ भेटली: एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातील समुपदेशक ताई, ज्या माझ्या गोळ्यांची बाटली न मागता साध्या कापडी पिशवीत घालून देत, प्रसूतीच्या रात्री ड्यूटी संपूनही थांबलेल्या परिचारिका, सगळे माहीत असूनही माझ्या मुलीला रोज कडेवर घेणारी शेजारीण. चार वर्षे मी मान खाली घालून चालत होते, म्हणून ही माणसे मला दिसलीच नव्हती. तुमच्या त्या प्रश्नानंतर ती दिसू लागली.

येत्या गुरुवारी मी मुलीला घेऊन ओपीडीत येते. सासूबाईही सोबत येणार आहेत. त्यांनी तुमच्यासाठी नारळाच्या वड्या करून ठेवल्या आहेत, आणि वारेतून काही निघाले का, हे त्यांना तुम्हालाच विचारायचे आहे.

तुमची कृतज्ञ,
एक आई, मुंबई