नारू गेला, विहिरीत उतरणं तसंच राहिलं

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

विषय रोगाचा आहे, तरी पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय. नारूवर, म्हणजे अंगात वाढून पायातून बाहेर पडणाऱ्या दोऱ्यासारख्या जंतावर, औषध नव्हतं, लस नव्हती. आजही नाही. तो गेला विहिरींच्या कामामुळे, आणि ते खातं आपलं.

माझ्या आजीच्या घोट्यावर रुपयाएवढा व्रण होता. फोड आला की पायाची आग आग व्हायची, मग ती बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. नेमकं तेव्हाच फोड फुटून अळ्या पाण्यात जायच्या, पाण्यातले बारीक किडे त्या गिळायचे, आणि ते पाणी जो न गाळता पिईल त्याच्या अंगात वर्षभराने नारू. काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय भोपळ्यासारखा. ऐन पेरणीत माणूस खाटेवर.

पुढे नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पायऱ्या बंद झाल्या, कठडे आणि रहाट आले, लोक पाणी फडक्याने गाळू लागले, विहिरीत ते किडे मारणारं टेमेफॉस हे रसायन पडू लागलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. जगात १९८६ साली सुमारे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये १५. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, असं नारूविरोधी मोहीम चालवणारे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर म्हणत. कार्टर आधी गेले. आफ्रिकेतल्या चाडमध्ये आता तो कुत्र्यांत घुसून बसलाय, म्हणून तिथे गावोगाव कुत्री बांधून ठेवायला सांगतात. चिवट जात!

आता आपल्याकडचं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि एप्रिल-मेमध्ये बाया दोर धरून विहिरीच्या तळाशी उतरतात, वाटीवाटीने हंडा भरतात. कुठे टँकर विहिरीतच पाणी ओततो, मग ते काढायला पुन्हा झुंबड. नारू परत येईल अशी भीती मी घालत नाही. पण जुलाब-उलट्यांच्या साथीला हेच पाणी पुरतं, आणि पाय घसरून पडायला साथही लागत नाही.

सिंहस्थाच्या कामांत नाशिक शहर खोदून निघालंय. त्यातून थोडी नजर वर घाटाकडे वळवा. माणूस आत उतरून पाणी भरतो अशा विहिरींची तालुकावार यादी जिल्हा परिषदेकडून मागवा आणि मार्चच्या आत प्रत्येकीला कठडा, रहाट द्या. टँकरचं पाणी विहिरीत न ओतता पाड्यावर टाकी ठेवून तिच्यात सोडा, टाकीला तोट्या बसवा. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, तर राहिलेल्या विहिरी बायाच सांगतील.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, नाशिक