गच्चीवरील आपत्कालीन सूचना यंत्रणा पूर्ववत करण्याबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
जळगाव

दिनांक : १८ जून २०२५

विषय : ज्येष्ठ सभासद घरात पडल्यास सूचना देण्यासाठी ब विंगच्या गच्चीवर बसवलेली यंत्रणा पूर्ववत सुरू करणे आणि सदनिका ब-५०२ मधील सभासदांना (यापुढे ‘ब-५०२’) समज देणे.

संदर्भ : याच विषयावरील माझी यापूर्वीची पत्रे.

महोदय,

सप्रेम नमस्कार. या विषयावर मी आपल्याला आधीही लिहिले आहे, सचिवांशी जिन्यात उभे राहून बोललो आहे आणि खजिनदारांशी त्यांच्या नातवाच्या वाढदिवशीही बोललो आहे, जे त्यांना बहुधा आवडले नसावे. आदर्श उपविधींनुसार सभासदाच्या लेखी तक्रारीवर समितीने पुढच्याच बैठकीत निर्णय घ्यायचा असतो आणि तो त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. मला आजवर मिळालेले उत्तर म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण टाकलेले जोडलेले हात आणि त्यापुढे लिहिलेले ‘सोलर आल्यावर बघू’ एवढेच आहे. या तीन शब्दांत एक तांत्रिक गैरसमज दडलेला आहे आणि समिती त्याच्याच आधारावर स्वस्थ बसली आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

आपल्या गच्चीवर सामायिक विजेसाठी सौर प्रकल्प यावा, याला माझा पाठिंबाच आहे. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान मिळते, ही माहिती वार्षिक सभेत मीच दिली होती. इतिवृत्तात ती दुसऱ्याच सभासदाच्या नावावर गेली आहे, पण तो विषय मी इथे काढत नाही. मुद्दा असा की नेट मीटरवर चालणारा, म्हणजे जास्तीची वीज महावितरणच्या वाहिनीत सोडणारा सौर प्रकल्प महावितरणचा पुरवठा चालू असेपर्यंतच चालतो. पुरवठा खंडित झाला की त्याचा इन्व्हर्टर काही क्षणांत आपोआप बंद पडतो, आणि तो तसा पडावा अशीच त्याची रचना असते, कारण तसे न झाल्यास आपल्या छतावरची वीज उलट वाहिनीत शिरेल आणि वाहिनी मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. माझी सारी नोकरी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात बिघाड होताच पुरवठा तोडायला लावणारे संरक्षण रिले सांभाळण्यात गेली असल्याने एवढे तरी मी अधिकाराने सांगू शकतो. बॅटरी आणि तिच्यावर पुरवठ्याविना चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर गोष्ट वेगळी, परंतु समितीने मागवलेल्या दरपत्रकात बॅटरीचा उल्लेखही नाही. याचा अर्थ सोलर आल्यावरही वीज गेली की जिन्यातले दिवे आणि घराघरांतले वायफाय आजच्यासारखेच बंद पडणार आहेत. फीडर, म्हणजे आपल्याला वीज देणारी वाहिनी, गेल्यानंतरही या इमारतीत जागी राहणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे गच्चीवरची ती छोटी पेटी, आणि समिती तिलाच सौर प्रकल्पाची वाट पाहायला लावत आहे.

नव्या समिती सदस्यांसाठी यंत्रणेची थोडक्यात माहिती देतो. शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांसह उपयोजित संशोधनाचा भाग म्हणून ती बसवली आणि सोसायटीकडून एक पैसाही घेतला नाही. ज्यांची मुले पुण्यात किंवा त्याहून लांब आहेत, अशा आपल्या ज्येष्ठ सभासदांना कमरेला लावायचे एक छोटे यंत्र दिले. त्यात तीन दिशांचा प्रवेग मोजणारा संवेदक आहे. माणूस स्वस्थ उभा असताना तो गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी प्रवेग दाखवतो. माणूस कोसळू लागला की हा आकडा क्षणभर बराच खाली जातो, जमिनीवर आपटताच एकदम वर उसळतो आणि त्यानंतर हालचाल थांबली तर स्थिर होतो. हे तिन्ही टप्पे याच क्रमाने घडले आणि त्या व्यक्तीने अर्ध्या मिनिटात बटण दाबून ‘मी ठीक आहे’ असे कळवले नाही, तर यंत्र गच्चीवरच्या पेटीला संदेश पाठवते आणि पेटी तो पहारेकऱ्याकडे व नेमून दिलेल्या दोन शेजाऱ्यांकडे पोहोचवते. यात कुठेही कॅमेरा नाही, आणि न्हाणीघरात कॅमेरा बसवता येत नाही हे कोणीही मान्य करील.

मोबाइल असताना याची गरज काय, असा प्रश्न ब-५०२ यांनी विचारला होता. पडलेल्या माणसाचा मोबाइल बहुतेक वेळा दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेला असतो. वायफाय राउटर वीज जाताच गप्प होतो, आणि ब्लूटूथ आपल्या जाड भिंतींमधून दोन मजले ओलांडू शकत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी लोरा हे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारे बिनतारी तंत्र निवडले. ते भारतात परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालते, त्याच्या लहरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींपेक्षा भिंतींतून बऱ्या जातात आणि एका संदेशाला सेकंदाचा काही भागच लागतो. ब-५०२ यांनी ज्येष्ठांच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनचाही दाखला दिला. ती सेवा चांगली आहे, पण ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते, तिचे काम मुख्यतः माहिती, सल्ला आणि निराधारांची सुटका हे आहे, आणि तिला फोन करायलाही आधी उठून फोनपर्यंत जावे लागते.

आता किरणोत्साराबद्दल. ‘आठे टॉवर नको’, म्हणजे इथे टॉवर नको, असे ब-५०२ यांनी भर गच्चीत जाहीर केले आणि तेव्हापासून ग्रुपवर चिमण्या मेल्याचे संदेश येत आहेत. आपल्या पेटीची प्रक्षेपणशक्ती २५ मिलिवॅट आहे, आणि बहुतांश वेळ ती नुसती ऐकत असते. ब-५०२ यांच्या खिशातला ४-जी फोन, संकेत क्षीण असताना, २०० मिलिवॅटपर्यंत शक्ती वापरतो, आणि तो कानाला लावलेला असतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली आहे. त्या कडक मर्यादेशी तुलना केली तरी आपल्या पेटीपासून एक मीटरवर येणारी तीव्रता तिच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी भरते. हा हिशेब मी कागदावर मांडून सचिवांकडे दिला आहे, त्यांनी तो कोणाला दाखवला की नाही हे ठाऊक नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२-ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, हा ब-५०२ यांचा मुद्दा खरा आहे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि मेहरूण तलावावर सकाळी फिरून येताना कोरफडीचा रस कोण घेते, हे ब विंगमध्ये सर्वांना माहीत आहे.

खरी अडचण किरणोत्साराची नसून उन्हाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटीला सुमारे ५ वॅट वीज लागते, म्हणजे दिवसाला १२० वॅट-तास. त्यासाठी ४० वॅटचे पॅनेल आणि २५६ वॅट-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिली आहे, जी अजिबात ऊन न मिळताही जवळपास दोन दिवस पेटी चालवू शकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो म्हणून पॅनेलही जास्त वीज देत असेल, असे बहुतेकांना वाटते, पण तापलेल्या पॅनेलची क्षमता २५ अंशांपुढच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्क्याने घटते आणि गच्चीवरचे पॅनेल हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. विद्यार्थ्यांनी हे सर्व गृहीत धरून हिशेब केला होता. त्यांनी गृहीत धरल्या नव्हत्या त्या बिबड्या.

ब-५०२ यांच्याकडे उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया आणि नागलीचे पापड मोठ्या प्रमाणावर होतात, आणि त्या बिबड्या उत्तम असतात हे मी नाकारत नाही. परंतु त्या वाळवताना पाखरांपासून संरक्षण म्हणून बांधलेल्या दोरीवरच्या चादरीची सावली सकाळी १० पासून पॅनेलच्या खालच्या भागावर पडते. पॅनेलमधले ३६ घट एकामागून एक एकाच माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणी मुडपलेल्या नळीतून पाणी यावे तसे होते : सावली एका ओळीवर असली तरी वीज सगळ्याच पॅनेलची आटते. मी दोरी चार हात पूर्वेकडे सरकवण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी दोरी तिथेच होती आणि तिचे एक टोक पॅनेलच्या स्टँडला बांधलेले होते. पुढे, ‘लोखंडाला हात लागून मुलांना शॉक बसेल’ असे सांगून, पॅनेलची तारच काढून ठेवण्यात आली. ते पॅनेल भर उन्हातही २२ व्होल्टच्या पुढे जात नाही, हे सांगण्याची संधी मला देण्यात आली नाही.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, यावल-रावेरकडे केळीच्या बागा आडव्या करणारे जे वादळ आले, त्या संध्याकाळी आपला फीडर गेला तो मध्यरात्रीनंतर आला. क-१०३ मधील आजी त्याच अंधारात न्हाणीघरात घसरल्या. त्यांच्या कमरेच्या यंत्राने आपले काम चोख केले आणि संदेश पाठवला, जो विद्यार्थ्यांनी नंतर यंत्राच्या नोंदीतून काढून दाखवला. तो घेणारी पेटी मात्र बॅटरी रिकामी झाल्याने बंद होती. त्यांचा मुलगा कामावरून परत येईपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. हाड मोडले नाही, हे नशीब. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. शिवाय तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धाचे स्नायू दबून त्यांतील घटक रक्तात उतरतात, शरीरातील पाणी कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. यावर ‘त्या पडल्याच असत्या’ हे ब-५०२ यांचे उत्तर शब्दशः बरोबर आहे. पण कोणाला पडण्यापासून वाचवण्याचा दावा या यंत्रणेने कधी केलाच नव्हता, पडलेल्या माणसापर्यंत लवकर पोहोचता यावे एवढ्यासाठीच ती होती.

यंत्रणा उगाच वाजते, हा आक्षेपही मी तपासून पाहिला आहे. गेल्या श्रावणात कानबाईच्या रविवारी अ विंगमधील एका मावशींनी कमरेला यंत्र लावूनच फुगडी खेळली आणि पहारेकऱ्याकडे लागोपाठ सूचना गेल्या, हे खरे आहे. विद्यार्थ्यांनी त्याच नोंदी अभ्यासून ‘आपटल्यानंतर स्थिर राहणे’ ही अट अधिक कडक केली आणि त्यानंतर तशी तक्रार आलेली नाही. असे संशोधन प्रयोगशाळेच्या गादीवर तरुण मुलांना पाडून पूर्ण होत नाही, ते खऱ्या घरांतच करावे लागते. मावशींनी या कामी दिलेल्या योगदानाबद्दल त्यांचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी त्यांना ग्रुपवर टोमणे ऐकावे लागले.

पूर्वपरवानगीच्या मुद्द्यावर एवढेच सांगतो की गच्ची ही सामायिक जागा असून तिथे कोणत्याही सभासदाने समितीच्या लेखी परवानगीशिवाय काहीही कायमस्वरूपी ठेवू नये, हा नियम मला मान्य आहे आणि ब-५०२ यांची पाण्याची जुनी टाकी, दोन खाटा आणि दोरीचे हुक यांना तो तंतोतंत लागू होतो. आपली पेटी बोल्टने बसवलेल्या, केव्हाही हलवता येणाऱ्या स्टँडवर आहे आणि ती बसवताना आपण स्वतः उपस्थित राहून नारळ फोडला होता, त्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. क विंगमधील बहुतेक सभासद माझ्या मताचे आहेत. अ विंगमधील सभासदही तसेच आहेत, फक्त त्यांना संबंध बिघडवायचे नसल्याने त्यांनी सही केलेली नाही.

समितीकडे माझी मागणी फार मोठी नाही. पॅनेलची तार विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत पूर्ववत जोडावी, पॅनेलच्या दक्षिणेकडील जागेत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत काहीही टांगू नये असा ठराव करून तो गच्चीच्या दारावर लावावा, आणि गच्चीच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे द्यावी. लहरींची शंका कायम असल्यास मी मोजणीचे उपकरण मागवतो. मोजणी समितीसमोर करू, परंतु आधी पेटीजवळ आणि नंतर ब-५०२ यांच्या वायफाय राउटरजवळ. तरीही यंत्रणा बंदच ठेवायची असेल, तर तसा निर्णय कारणांसह आणि समिती सदस्यांच्या सह्यांनिशी लेखी द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला काय उत्तर द्यायचे हे मला कळेल. विद्यार्थ्यांचे सत्र संपत आले आहे. समितीला रस नसेल तर ती पेटी शेजारच्या सोसायटीत नेण्याची त्यांची तयारी आहे, आणि तेथील अध्यक्षांनी याबाबत माझ्याकडे चौकशीही केली आहे.

उत्तराची १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर हीच कागदपत्रे उपनिबंधक कार्यालयात देण्याशिवाय मला पर्याय राहणार नाही.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका अ-२०४

प्रत माहितीसाठी : सचिव, खजिनदार, सूचनाफलक. ब-५०२ यांना स्वतंत्र प्रत दिलेली नाही. सूचनाफलक लिफ्टच्या दाराशेजारीच आहे आणि बिबड्यांचे घमेले घेऊन लिफ्टची वाट पाहताना त्यांना तो पूर्ण वाचण्याइतका वेळ मिळतो.