सगळ्यांत कमी मागणारा कोर्स शोधू नकोस

प्रिय बाळा,

काल रात्री आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. तू आत निघून गेलीस आणि मी टेबलावरची तुझी यादी वाचत बसले. पाच विद्यापीठांच्या फार्मसी पदवीच्या प्रवेशाच्या अटी तू छान रकाने आखून लिहिल्या आहेस. जिथे अटी कमी तिथे हिरवी खूण. गणित लागत नाही, मुलाखत नाही, रसायनशास्त्रात नुसतं पास असलं तरी चालतं, तिथे दोन खुणा. समोरासमोर बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे.

औषधं देण्याच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं काढली. तुझी यादी तिथून कशी दिसते ते तुला सांगायचं आहे.

रसायनशास्त्रावर तू सर्वांत जास्त चिडली आहेस. बहुतेक सगळ्या देशांत फार्मसीला हा विषय सक्तीचा असतो, आणि बऱ्याच विद्यापीठांत एकूण टक्के कितीही असोत, या एका विषयातले गुण वेगळे पाहतात. 'औषधं कुणीतरी आधीच शोधून ठेवली आहेत, मला ती फक्त द्यायची आहेत,' असं तू म्हणालीस. १९३७ साली अमेरिकेत सल्फॅनिलामाइड नावाचं औषध पातळ स्वरूपात बाजारात आलं. औषध चांगलं होतं, गोळ्यांच्या रूपात वापरातही होतं. ते विरघळवण्यासाठी जे द्रव निवडलं ते मात्र डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चव, रंग, वास तपासले, पण ते द्रव पोटात गेल्यावर काय करतं हे कुणी तपासलं नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की नवं औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवावं लागेल. ग्लायकॉल शब्द ऐकल्यावर ज्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, असा माणूस त्या साखळीत कुठेतरी हवा होता. रसायनशास्त्राची अट अशा माणसांसाठी आहे.

त्या विषाचा शोध घेणाऱ्या संशोधकांना मदत करणारी एक विद्यार्थिनी होती, फ्रान्सिस केल्सी. तीच पुढे १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत रुजू झाली आणि थॅलिडोमाइड या औषधाच्या मंजुरीचा अर्ज तिच्या टेबलावर आला. कंपनी पुन्हा पुन्हा तगादा लावत होती, ती पुन्हा पुन्हा अधिक पुरावा मागत राहिली. तिने मंजुरी दिली नाही. दुसऱ्या देशांत गर्भवती स्त्रियांनी ते औषध घेतलं आणि हजारो बाळं अधू हातापायांनी जन्मली. मला ही बाई फार आवडते. विद्यार्थिदशेत तिने जे पाहिलं ते तेवीस वर्षांनी तिच्या कामी आलं, असं मला नेहमी वाटतं.

आणि रोजच्या कामातही हा विषय आडबाजूला राहत नाही. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर का घ्यायचं नाही? दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध पुरतं शोषलंच जात नाही. तुला हे पाठ करता येईल. पण नवीन औषध आलं, ज्याचं पाठांतर झालेलं नाही, तेव्हा त्याची रचना बघून शंका येणं हे पाठांतराने जमत नाही.

आता गणित. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण तुझ्या बहुतेक हिरव्या खुणा गणित टाळण्यासाठी आहेत.

बारा किलो वजनाचं मूल, ताप. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं. म्हणजे १८० मिलिग्रॅम. हातात जी बाटली आहे तिच्यावर '५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर साडेसात मिलिलिटर द्यायचं. बाटली '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम'ची असेल तर ३.६ मिलिलिटर. सातवीतलं त्रैराशिक, बस. पण दोन्ही बाटल्या एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या, आणि खिडकीपुढे पंधरा माणसं. दुसऱ्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर गेलं तर मुलाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम जातं, हव्या त्याच्या दुपटीहून जास्त, आणि आई तेच दर सहा तासांनी देत राहते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ही चूक मी जवळजवळ केली होती. लेबलवर आकडा लिहूनही झाला होता. माझ्या वरिष्ठ बाईंनी बाटली परत घेतली, मला बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या, 'पुन्हा कर. कागदावर.' रागावल्या नाहीत. त्या दिवसापासून मी तोंडी हिशोब केलेला नाही, साधा दोनने भागाकारसुद्धा नाही. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं.

थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मायक्रो आणि मिलि यांत हजारपटीचा फरक आहे. दशांश चिन्हाच्या आधी शून्य लिहायचंच, ०.५ असं, कारण नुसतं टिंब अस्पष्ट उमटलं तर त्याचं ५ होतं. आणि ५ च्या पुढे टिंब देऊन शून्य कधी लिहायचं नाही, कारण टिंब दिसलं नाही तर त्याचे ५० होतात. प्रवेशाला गणित मागणारं विद्यापीठ तुझ्याकडून कॅलक्युलसची हुशारी मागत असेल, मान्य. त्यातलं बरंचसं खिडकीत लागणार नाही. पण आकड्यासमोर न घाबरता बसण्याची जी सवय त्यातून लागते, ती लागते. रक्तातलं औषध किती तासांत निम्मं होतं, मूत्रपिंड कमकुवत असलेल्या आजोबांना डोस किती कमी करायचा, हे सगळं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच समोर येईल, आणि जिथे गणिताची अट नाही तिथेही येईल. अट नसली म्हणजे विषय नसतो असं नाही.

मुलाखतीची भीती मला कळते. काही ठिकाणी आता एकच लांब मुलाखत नसते; पाच-सहा टेबलं असतात, प्रत्येक टेबलावर काही मिनिटांचा एक प्रसंग. रागावलेला रुग्ण, चूक लक्षात आलेला सहकारी, अशा गोष्टी. हुशार उत्तर देण्यापेक्षा समोरच्याचं नीट ऐक, हे माझं सांगणं. मेथोट्रेक्झेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. 'आठवड्यातून एकदा' हे दोन शब्द बोलून काम संपत नाही. कोणता वार, हे रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. मुलाखत आणि भाषेची परीक्षा यासाठी असतात. तू बोलतेस छान, पण घाईत बोलतेस.

बाकी कागदपत्रांचं फारसं काही नाही. लसीकरणाची नोंद, हेपटायटिस बी धरून, आणि चारित्र्य पडताळणी जिथे मागतात तिथे वेळेत सुरू कर, कारण प्रशिक्षणासाठी रुग्णालयात पाठवण्याआधी ते लागतं. भाषेच्या परीक्षेचा निकाल साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात, तेव्हा आत्ताच देऊन ठेवू नकोस. आणि जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबू नकोस. अमेरिकेतली पीकॅट ही फार्मसीची प्रवेश परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली, तरी तुझ्या पुस्तकात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे.

एक रकाना मात्र तुझ्या यादीत नाहीच, आणि तो मी पहिला आखला असता: त्या देशाच्या फार्मसी कौन्सिलची त्या कोर्सला मान्यता आहे का? पदवी मिळाली पण कोर्स मान्यताप्राप्त नव्हता, तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. चार वर्षं वाया. पदवीनंतर काय काय आहे तेही त्याच रकान्यात लिही. ब्रिटनमध्ये एमफार्म या फार्मसीच्या चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्ष प्रशिक्षण आणि नोंदणीची परीक्षा असते. भारतात बी.फार्म चार वर्षांचा आणि फार्म.डी. सहा वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बी.फार्मला बारावीत भौतिक आणि रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र चालतं, म्हणजे तुला तिथे जीवशास्त्राचा रस्ता मोकळा आहे. तो घ्यायचा तर जरूर घे, जीवशास्त्र तुला मनापासून आवडतं म्हणून घे.

दोन हिरव्या खुणांच्या त्या विद्यापीठाच्या मान्यतेचा उल्लेख मला त्यांच्या माहितीपुस्तिकेत सापडला नाही. दोनदा वाचली. तू त्यांना लेखी विचार आणि उत्तर येईपर्यंत फी भरू नकोस.

यादी मी जागच्या जागी ठेवली आहे, एकही खूण खोडलेली नाही. शेजारी एक कोरी वही आहे. पहिल्या पानावर बारा किलोच्या मुलाचं गणित मांडून ठेवलं आहे, पण बाटली तिसऱ्याच ताकदीची घेतली आहे. उद्या संध्याकाळी माझी ड्युटी सहाला संपते. तू सोडवून ठेव, मी आले की दोघी मिळून तपासू.

तुझी,
आई