आई, वाती विकत आणू नकोस

प्रिय आई आणि बाबा,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, मधेच सेटवरून कॉल यायला लागले, म्हणून लिहितेय. बाबा, हे तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर ती दोन ओळी वाचून "हं कळलं" म्हणून मोबाईल ठेवून देईल.

दादाने स्वयंपाकाला बाई लावली, वातींची पाकिटं ऑनलाईन मागवली, लसूण सोललेला येतो, ज्वारी निवडायला नको म्हणून थेट पीठच येतं. त्याचं चुकतंय असं मी म्हणत नाहीये, आईचे गुडघे आणि बीपी बघून तो घाबरतो, आणि शेवटी सोलापुरात राहून सगळं तोच बघतो, मी मुंबईत बसून सल्ले देणारी. पण आई तू विचारलंस ना, "मग मी दिवसभर करू तरी काय", ते काही डोक्यातून जाईना. दादाचं उत्तर आराम कर. आराम म्हणजे काय तर एका सोफ्यावर दोघं बसून दोन मोबाईलवर दोन वेगवेगळी रील्स, आणि बाबा तुमचा आवाज तर एवढा मोठा असतो की फोनवर मला पण ऐकू येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जड कामं जाऊ देत, बारकी हातातली ठेव. वाती, लसूण, शेंगा, निवडणं-टिपणं.

हे मी उगाच प्रेमापोटी म्हणत नाहीये, माझं पोट त्याच्यावर चालतं. रोजच्या मालिकेचे डायलॉग लिहायचे म्हणजे रोज सासू काहीतरी बोललीच पाहिजे आणि कालच्यापेक्षा वेगळं बोलली पाहिजे. लॅपटॉपसमोर बसून राहिलं की ती गप्प. उठून लसूण सोलायला घेतला किंवा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागले की बाई आपोआप सुरू होते, आणि मग मी लसणाच्या हाताने व्हॉइस नोट करते, रूममेट हसते. आमच्यातले कितीतरी लोक असं काही ना काही करतात, कोणी भांडी घासतं, कोणी नुसतंच गच्चीवर फेऱ्या मारतं.

याच्यावर अभ्यास पण झालाय. बाबा, तुम्हाला पुरावा लागतो म्हणून सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात मानसशास्त्राच्या लोकांनी एक प्रयोग केला. साध्या वस्तूचे, म्हणजे समजा विटेचे, किती वेगवेगळे उपयोग सुचतात ते लिहा म्हणाले. मग मधे १२ मिनिटं काहींना डोकं लागेल असं काम दिलं, काहींना अगदी सोप्पं कंटाळवाणं, काहींना नुसतं बसवलं, काहींना ब्रेकच नाही. नंतर परत त्याच वस्तू दिल्या तर सोप्पं काम केलेल्यांना साधारण ४० टक्के जास्त सुचलं, आणि नुसतं बसलेल्यांना तसं काही झालं नाही. गंमत म्हणजे हा फरक आधी विचारलेल्या प्रश्नांतच दिसला, नव्या प्रश्नांत नाही. म्हणजे डोक्यात आधी काहीतरी अडकलेलं पाहिजे, मगच ते हात चालू असताना सुटतं. आता खरं सांगायचं तर नंतर दुसऱ्यांनी अशाच गोष्टी तपासल्या तेव्हा तसं दिसलं नाही, त्यामुळे मी त्या ४० टक्क्यांवर पैज लावणार नाही. पण लसणावर लावेन.

आणि एक भांडी घासण्याचा प्रयोग आहे, फ्लोरिडातला, ५१ विद्यार्थी. निम्म्यांना आधी वाचायला दिलं की पाण्याची ऊब, साबणाचा वास, हाताला लागणारं ताट, याच्याकडे लक्ष देऊन घासा. त्यांची धाकधूक २७ टक्के कमी झाली म्हणे. बाकीच्यांनी तीच भांडी घासली, त्यांना काही फरक नाही. तर दादाला सांग भांडी घासायला, लक्ष देऊन.

बाबा, तुम्ही म्हणाल मी पण बँकेत आयुष्यभर तेच तेच केलं, मला कुठे काय सुचलं. कॅशवर नोटा मोजताना मन जरा इकडे तिकडे गेलं की संध्याकाळी टॅली लागायची नाही आणि फरक खिशातून भरायचा. तिथे हात पण अडकलेले आणि डोकं पण. मागच्या गल्लीतल्या बिड्या वळणाऱ्या बायकांचं बघा की, मांडीवर सूप, तेंदूची पानं कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, दिवसभर तेच, पण मजुरी हजारावर आणि खराब बिडी मोजणीत धरतच नाहीत. त्या बायकांना जाऊन कोणी सांगावं की किती शांत वाटत असेल ना तुम्हाला? मार बसेल. काम आपलं असलं, कंटाळा आला की बाजूला ठेवता आलं, आणि मागे कोणी मोजत उभं नसलं तरच ही सगळी गंमत.

जात्याचं पण तेच. आई, तुझी आजी पहाटे तीनला उठून दळायची ते तू सांगतेस तेव्हा मला तरी छान बिन काही वाटत नाही, खांदे मोडायचे बायकांचे. पण त्यातच ओव्या झाल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, १ लाखाच्या वर, आता त्या 'पारी' नावाच्या, खेड्यापाड्यातल्या लोकांबद्दलच्या वेबसाईटवर ऐकता येतात. मी ऐकते अधूनमधून. देव आहे, विठ्ठल आहे, पण माहेर, भाऊ, मुलगी, नवऱ्याचा जाच हे पण भरपूर आहे, जे दिवसा कोणासमोर बोलता आलं नसतं ते दळताना बोललंय. एका लयीत हात फिरतोय, आजूबाजूला अंधार, ऐकायला फार तर दुसरी दळणारी. पिठाच्या गिरण्या आल्या ते बरंच झालं. पण ती बोलायची जागा पण गेली ना.

आई, तू फुलवाती करताना एकटीच पुटपुटतेस, हिशेब करतेस, मामाशी भांडतेस, मध्येच हसतेस. लहानपणी मला वाटायचं तू वेडी आहेस. आणि आजीने चातुर्मासात लाख वाती केल्या होत्या तेव्हा घरभर कापूस, बाबांच्या चहात पण कापूस, पण त्या चार महिन्यांत आजी कोणावर ओरडली नव्हती असं तूच सांगतेस.

तर आता असं करूया. दादाशी मी बोलते. लादी, भांडी, चपात्या बाईकडे राहू देत, त्यावर तू वाद घालू नकोस. वाती, ज्वारी निवडणं आणि शेंगाची चटणी तुझ्याकडे. चटणी मिक्सरला कोरडी होते, तेल सुटत नाही, हे दादाला पण माहितीये, खातो तोच सगळ्यात जास्त. मात्र उखळापाशी उभं राहून मुसळ घ्यायचं नाही, टेबलावर छोटा खलबत्ता ठेव, थोडं थोडं कर, उरलं तर दुसऱ्या दिवशी. ज्वारी खिडकीपाशी खुर्चीत बसून निवड, खाली मांडी घालून नाही. बोटं दुखायला लागली की थांबायचं, गुपचूप रेटायचं नाही.

बाबा, शेंगा भाजून झाल्या की टरफलं चोळून पाखडायचं काम तुमचं. मोजायचं काही नाही त्यात, टॅली लागायची गरज नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि आई एकटी बोलत असेल तर मध्ये "काय म्हणालीस" असं विचारू नका.

चटणी पाठवाल तेव्हा दोन डबे पाठवा, एक सेटवर संपतो. लसूण जरा कमी.

तुमची,
मनू