‘बी-२’ म्हणजे नेमके काय येते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाषावर्गांच्या जाहिराती, नोकरीच्या अटी, विद्यापीठांचे प्रवेशअर्ज, व्हिसाचे कागद, जिकडे पाहावे तिकडे आता ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ ही सहा अक्षरअंकांची माळ दिसते. परकी भाषा कितपत येते ते सांगणाऱ्या या पातळ्या, ए-१ सर्वांत खालची आणि सी-२ सर्वांत वरची. मी प्रौढांना परकी भाषा शिकवते. नवा विद्यार्थी आला की बहुधा पहिलाच प्रश्न येतो, ‘बी-२ व्हायला किती महिने लागतील?’ भाषेत काय करायचे आहे, कुणाशी बोलायचे आहे, काय वाचायचे आहे, हे विचारले की उत्तर सुचत नाही. या पातळ्यांना माझा मुळीच विरोध नाही. त्या फार विचारपूर्वक बांधलेल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांचा नुसत्या शिक्क्यासारखा होणारा वापर मला खटकतो.

या सहा पातळ्या ज्या सामाईक चौकटीतून (सीईएफआर) आल्या ती युरोपियन युनियनची, असा समज सर्रास आढळतो. ती तयार केली स्ट्रासबर्गच्या युरोप परिषदेने, आणि ही संस्था वेगळी आहे. चौकटीची मुळे १९७५ मध्ये सापडतात. त्या वर्षी भाषातज्ज्ञ यान फान एक (van Ek) यांनी ‘थ्रेशोल्ड लेव्हल’, म्हणजे उंबरठ्याची पातळी, मांडली. व्याकरणाचे किती धडे झाले, हा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला आणि परमुलखात रोजचे व्यवहार निभावायला माणसाला भाषेत काय काय करता आले पाहिजे, ते लिहून काढले. पुढे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये भरलेल्या बैठकीत सर्व भाषांसाठी एकच चौकट असावी असे ठरले आणि २००१ मध्ये ती छापून आली. कोणत्या पातळीवर काय करता येते, याची त्यातली वर्णनेही कुणी खोलीत बसून रचलेली नाहीत. संशोधक ब्रायन नॉर्थ यांनी ती स्वित्झर्लंडमधल्या शिक्षकांपुढे ठेवली. शिक्षकांनी ती आपापल्या विद्यार्थ्यांशी ताडून पाहिली आणि त्या निवाड्यांवरून, संख्याशास्त्राच्या आधारे, कोणते वाक्य कोणत्या पायरीवर बसते ते ठरले.

ही वाक्ये फारसे कुणी वाचत नाही, याचेच मला वाईट वाटते. अगदी तळाची ए-१ पातळी घ्या. समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल व मदत करायला तयार असेल, तर साधा संवाद साधता येतो, असे ते वर्णन आहे. म्हणजे नवशिक्याच्या पातळीच्या व्याख्येतच ऐकणाऱ्याची जबाबदारी लिहिलेली आहे! बी-२ ला पोचल्यावर काय बदलते? दोघांपैकी कुणावरही ताण न पडता नेहमीचा संवाद चालू शकतो. पुन्हा दोघांचा विचार आहेच. २००१ च्या मजकुरात या ठिकाणी ‘मातृभाषक’ हा मापदंड होता. २०२० च्या पूरक खंडात तो काढून टाकला गेला. शिकणाऱ्याने जन्मजात भाषकाची हुबेहूब नक्कल करावी ही अपेक्षा अधिकृतपणे संपली, आणि ते फार चांगले झाले. मात्र जाहिरातींपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

माझे खरे म्हणणे यापुढचे आहे. माणसाची एकच एक पातळी असते, असे ही चौकट कुठेही म्हणत नाही. तिच्या २००१ च्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात ऐकणे, वाचणे, संभाषण, स्वतःहून सलग बोलणे आणि लिहिणे असे पाच स्वतंत्र रकाने आहेत. सहा पातळ्या धरल्या तर तीस चौकोन होतात. वर्गात हे रोज डोळ्यांसमोर असते. एखादी विद्यार्थिनी तिच्या विषयातला अहवाल शब्दकोश न उघडता वाचते, नेटका ईमेल लिहिते; फोन वाजला की मात्र गडबडते, कारण फोनवर चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत आणि पलीकडचा माणूस थांबत नाही. वाचनात ती बी-२, फोनवर जेमतेम ए-२. तिला एकच अक्षर लावायचे तर कोणते लावायचे? सरासरी काढून बी-१ लिहिले, तर तिच्या वाचनाबद्दलही ते खोटे आणि बोलण्याबद्दलही.

परीक्षांमुळे घोटाळा आणखी वाढतो. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ (सर्वांत सोपा) ते एन-१ (सर्वांत अवघड) असे पाच टप्पे आहेत, पण तिच्यात बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणीच नाही. ‘एन-२ झाले’ म्हणणारा उमेदवार जपानी बोलू शकतो की नाही, हे त्या प्रमाणपत्रावरून कळणे शक्य नाही. याउलट अमेरिकी परराष्ट्र सेवेची शून्य ते पाच ही जुनी मोजणी पाहा. तिथे बोलण्याचा आणि वाचनाचा गुण वेगवेगळा लिहितात, ३/३ असा. एवढी साधी गोष्ट सगळीकडे करायला काय हरकत आहे?

‘अमुक महिन्यांत बी-२’ या आश्वासनांबद्दलही थोडे लिहिते. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. केंब्रिजच्या परीक्षा घेणारी संस्था इंग्रजीसाठी शून्यापासून ए-२ पर्यंत साधारण १८० ते २००, बी-२ पर्यंत ५०० ते ६०० आणि सी-२ पर्यंत १००० ते १२०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण धरते. हा झाला एका भाषेचा अंदाज. अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कामापुरती जपानी किंवा अरबी यायला सुमारे २२०० वर्गतास लागतात, आणि स्पॅनिशला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. पायरीचे नाव एकच असले तरी कष्ट निरनिराळे असतात. शिकणारा कोणत्या भाषेतून येतो हे न विचारता महिने सांगणारा वर्ग त्याची फसवणूक करतो, असे मी स्पष्ट म्हणेन.

एका अक्षरावर आता माणसांची आयुष्ये अडतात. जर्मनीत नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे बी-१ लागते. इतके काही पणाला लागलेले असताना, अट घालणाऱ्याने ती कशासाठी घातली हे सांगायला हवे. रात्रपाळीतल्या परिचारिकेला रुग्णाचे बोलणे समजणे आणि पाळी बदलताना तोंडी माहिती देता येणे निकडीचे आहे. निबंध लिहिण्यावाचून तिचे अडत नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘बी-२ आवश्यक’ एवढेच न छापता ‘ऐकणे व संभाषण बी-२, लेखन बी-१ चालेल’ असे छापले, तर कितीतरी लायक उमेदवार दारातूनच परत जाणार नाहीत. भाषासंस्थांनीही प्रमाणपत्रावर प्रत्येक कौशल्याची पातळी वेगळी द्यावी आणि तिच्याखाली तिचे वर्णन एका वाक्यात छापावे. वर्णने तयार आहेत, चाळीसच्या आसपास भाषांत ती उपलब्ध आहेत.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत भाषा-अभ्यासक्रमांची माहिती येते तेव्हा ‘कोणत्या कौशल्याची पातळी?’ हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी संस्थांना अवश्य विचारावा आणि मिळालेले उत्तर पातळीच्या शेजारीच छापावे, ही विनंती.

आपली,
एक भाषाशिक्षिका