फोनवरील मुलाखतीसंबंधी सभासदांना सूचना

सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील कारखान्यांत अर्ज केलेल्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, प्रत्यक्ष भेटीपूर्वीची पहिली मुलाखत फोनवर होऊ शकते, त्यामुळे अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन या दिवसांत टाळू नये. फोन येईल तेव्हा आपण द्वारका चौकात किंवा शहर बसमध्ये असाल, तर गोंगाटात कशीबशी उत्तरे देण्यापेक्षा नम्रपणे दुसरी वेळ मागून घ्यावी; यात कमीपणा मुळीच नाही. ठरलेल्या वेळी फोन पूर्ण चार्ज केलेला असावा आणि अर्जाची प्रत, कंपनीची माहिती व कोरा कागद समोर ठेवावा. मुलाखत घेणाऱ्यास आपला चेहरा दिसत नसल्याने सारी भिस्त आवाजावर असते, म्हणून प्रश्न पूर्ण ऐकून सावकाश, स्पष्ट बोलावे. लिहून ठेवलेले उत्तर मात्र वाचून दाखवू नये, कारण ते लगेच ओळखू येते. अपेक्षित पगार आणि रुजू होण्याची तारीख आधीच ठरवून ठेवावी.

नोकरीच्या नावाखाली कोणी पैसे किंवा ओटीपी मागितल्यास तो देऊ नये, आणि फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.