प्रमेयांची नावे हाताने टंकू नका

संपादक महोदय,

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकुराची छपाईयोग्य मांडणी करणाऱ्या संगणकप्रणालीत) लिहिलेल्या गणिताच्या प्रबंधांत ‘प्रमेय 3.7 वरून’ असे जागोजागी आढळते. 3.7 म्हणजे नेमके कोणते, हे पाहायला वाचकाने पाने उलटायची. ‘रोलच्या प्रमेयावरून’ म्हटले की तेच लगेच कळते. पण नाव हाताने टंकले तर दुवा मिळत नाही आणि मूळ शीर्षक बदलले तरी जुने नाव ठिकठिकाणी तसेच राहते.

यासाठी नेमरेफ हे पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची तयार पुरवणी, आहे. दुवे तयार करणारे हायपररेफ पॅकेज घेतले की ते सोबत येतेच. प्रमेय सुरू करणाऱ्या आज्ञेला लागून चौकोनी कंसात शीर्षक द्यावे, मग प्रमेयाच्या आतच लेबल (उल्लेखासाठीची खूण) लावावे आणि उल्लेखाच्या जागी क्रमांक आणणाऱ्या रेफ आज्ञेऐवजी नाव आणणारी नेमरेफ आज्ञा वापरावी. लेबल प्रमेयाच्या आधी पडले तर बहुधा चालू विभागाचे शीर्षक छापले जाते. शीर्षकात संदर्भग्रंथाचा उल्लेख घातला, तर तोही दर वेळी नावाबरोबर उमटतो. त्यात चौकोनी कंस असतील तर सगळे शीर्षक महिरपी कंसात ठेवावे, नाहीतर पहिल्याच बंद कंसाशी ते तुटते. शेवटी दोनदा कंपाईल करावे: पहिल्या फेरीत नाव ऑक्स या सहायक फाइलमध्ये जाते, दुसऱ्या फेरीत तिथून उचलले जाते. तोवर दोन प्रश्नचिन्हेच दिसतात.

मराठीत खरी अडचण विभक्तीची आहे. नेमरेफ ‘रोलचे प्रमेय’ जसेच्या तसे आणते. ‘पाहा: रोलचे प्रमेय’ इथे ते चालते, पण त्याला ‘वरून’ जोडता येत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रमेयासाठी दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच दोन आज्ञा कराव्यात: एकीत मूळ नाव, दुसरीत ‘रोलच्या प्रमेया’ हे सामान्यरूप. शीर्षकातही पहिलीच आज्ञा घालावी, म्हणजे नाव बदलायचे झाले तर ते एकाच जागी बदलावे लागते. वाक्याच्या ओघात हायपररेफ आज्ञेला चौकोनी कंसात लेबल द्यावे आणि महिरपी कंसात दुसरी आज्ञा व पुढे ‘वरून’, ‘मुळे’, ‘ने’ यांपैकी हवे ते. एक काळजी मात्र घ्यावी. झीलाटेक आणि लुआलाटेक हे लाटेकचे युनिकोड चालणारे प्रकार देवनागरी अक्षरेही आज्ञेच्या नावातच धरतात. ‘वरून’ थेट चिकटवले तर आज्ञा अनोळखी ठरते आणि कंपाईल अडते. मध्ये रिकाम्या महिरपी कंसांची जोडी टाकली की काम होते.

मराठी प्रबंधांचे साचे तयार करणाऱ्यांनी ही सोय साच्यातच करून द्यावी, ही विनंती.

– एक गणितप्रेमी वाचक